चार खोटी नावं

करुणानं फाइलमधला स्पर्धेचा खरा अर्ज काढून पान्यांच्या डब्याखाली सरकवला आणि त्याच्या जागी खोटा ठेवला. शाळेचं नाव तेच, मुली मात्र चारही मनानं रचलेल्या.

"ताई, हे काहून करून राहिल्या?" रोबोटचं चाक आवळता आवळता देवश्रीनं विचारलं.

"शेषरावमामाला पकडायचंय. ही नावं हेडमास्तरांच्या तोंडून आली, की समजायचं पाणी कुठं मुरतंय."

सेनगावच्या शाळेनं रोबोटवाल्या पोरींना खोली नाकारली, तेव्हापासून करुणा त्यांना आपल्या वडिलांच्या ट्रॅक्टर दुरुस्तीच्या शेडमध्ये शिकवत होती. नांदेडच्या स्पर्धेला मात्र हेडमास्तरांची सही आणि शिक्का लागणारच होता, आणि अर्ज सोमवारी पाचच्या आत पोचवायचा होता. अन् शाळेचा शिपाई शेषराव रोज मधल्या सुट्टीत शेडवर यायचा, कागदांवर नजर फिरवायचा, नको ते विचारायचा. मेला, हेडमास्तरांचा कानच तो! करुणाची खात्रीच होती.

शनिवारी शेषराव येऊन गेला आणि फाइल गायब झाली.

"बघितलंस?" करुणा म्हणाली. आपला अंदाज बरोबर निघाला याचा तिला आनंदच झाला. सोमवारी हेडमास्तरांना तोंडावर विचारायचं, मग सही कशी देत नाहीत ते बघू, असं तिनं ठरवून टाकलं.

सोमवारी दुपारी शेषराव धापा टाकत आला. फाइल त्यानं शर्टाखाली धरली होती.

"घ्या मॅडम. सही बी झाली, शिक्का बी!"

"कशी?"

"खिचडीच्या कागदायवर सायेब न वाचता सह्या मारतेत. मधीच घातला. आज सकाळीच मारली, अन् लगेच रजेवर गेले. आता गुरुवारीच येतेत." तो घाम पुसत हसला. "रोज बघत होतो, कवा तयार होतो अर्ज म्हणून. तुमाला सांगितलं असतं तर तुमी घाबरल्या असत्या."

करुणानं फाइल उघडली. निळा शिक्का अगदी सरळ उमटला होता. त्याच्या वर तीच चार रचलेली नावं होती.

"मला बारीक अक्षर दिसत न्हाई," शेषराव कागदावर वाकला. "आपल्या देवश्रीचं नाव कोणतं, दाखवा बरं."

करुणानं पान्यांच्या डब्याकडे बघितलं. तेवढ्यात देवश्री उठली, ग्रीसचे हात फडक्याला पुसले आणि पहिल्या नावावर बोट ठेवलं.

"हे बघा मामा. हे माझं."