पिवळा डोळा

तिगावकडच्या चढाच्या पायथ्याशी त्या मंगळवारी दहा-बारा पिकअप रांगेत उभ्या होत्या. कशात संत्री, कशात कापूस. गाडीची ताकद गेली की लोक दुरुस्तीला नव्हे, तिथं बसणाऱ्या महाराजांकडे येत.

"चढावरची बाई बसली रे गाडीवर!" महाराज ओरडले. "स्टेअरिंगमागं पाहा, पिवळा डोळा उघडला तिनं! आता सगळे डोळे मिटा. जो पाहील त्याचं इंजिन जळून जाईल!"

माणसं सोडून इंजिनं जाळणारं बाईचं भूत मी प्रथमच ऐकलं. सगळ्यांनी मुकाट डोळे मिटले. महाराजांच्या चेल्यानं बॉनेटखाली काहीतरी खुडबुड केली. गाडी चालू झाली, पिवळा दिवा विझला, जयजयकार झाला. मग महाराजांनी रक्षणासाठी म्हणून तांब्याभर तीर्थ डिझेलच्या टाकीत ओतलं.

रांगेत सहावी गाडी वीरेंद्रची. तो लोधीखेड्याचा, माझा जुना विद्यार्थी. मी सौंसरला विज्ञान शिकवायचो. मागं गादीवर त्याचे वडील रघुनाथराव छाती धरून पडले होते. त्यांना पांढुर्ण्याला दवाखान्यात न्यायचं म्हणून मी सौंसरहून सोबत बसलो होतो. चढावर गाडीनं दम सोडला आणि वीरेंद्रनं ती मागं वळवली.

"अरे, दुसरी गाडी पाहू," मी म्हणालो.

"सर, हे ओढूनच नाही राहिली. परवा महाराजानं हात लावला तं कशी सुसाट गेली! पाच मिनिटांचं काम हाय."

मी रस्त्यावर दोन गाड्यांना हात दाखवला. कुणी थांबलं नाही. रुग्णवाहिकेला फोन केला. ती मोहगावकडं गेली होती. पाऊण तासानं आमची पाळी आली, तेव्हा रघुनाथरावांचा हात थंड पडला होता.

दिवा मात्र विझला. गाडी तो चढ झपाझप चढली. मागं प्रेत होतं.

तेरवीनंतर मी वीरेंद्रकडं गेलो. दिवा पुन्हा पेटला होता. मी काचेची बाटली डिझेल फिल्टरखाली धरली आणि तिथला स्क्रू सैल केला. बाटलीत खाली स्वच्छ पाणी साचलं, त्यावर डिझेल तरंगलं. दिवा विझला.

"हेच तीर्थ," मी म्हणालो. "पाणी जड, म्हणून तळाशी बसतं. फिल्टर पाण्यानं भरला की दिवा लागतो, इंजिनला डिझेल पुरत नाही. महाराज पाणी ओततो, चेला काढतो, महाराज पुन्हा ओततो."

वीरेंद्रनं बाटली हातात घेतली. म्हणाला, "सर, तीर्थ टाकाले झाकण मीच उघडलं होतं न?"

मी फिल्टरचा स्क्रू पुन्हा आवळला.

आम्ही बाटली घेऊन पायथ्याशी गेलो. सगळ्यांसमोर दाखवली, समजावलं. महाराज क्षणभर गडबडले, मग दोन्ही हात वर करून गरजले, "पाहा! बाईनं डिझेलचं पाणी केलं!" लोक बाटलीच्याच पाया पडू लागले. गर्दीतल्या एका म्हातारीनं तिला कुंकू लावलं.

रांग अजून लागते. तरी मी सांगत असतो: दिवा लागला की फिल्टरमधलं पाणी काढा, टाकीत डिझेलशिवाय काही ओतू देऊ नका, आणि आजारी माणूस कुठल्याही महाराजाच्या दारी थांबवू नका. वीरेंद्रही सांगतो. वडिलांचं नाव आलं की त्याला पुढं बोलवत नाही, आणि तेवढ्यात ऐकणारे निघून जातात.