मला तिसरं बटण नाही

मित्रांनो, मी एक जुनं ॲप आहे. दिसायला अगदी भोळाभाबडा. पांढऱ्या पडद्यावर दोन मोठी बटणं, खाली एक बारकी जाहिरात, बाकी काही नाही. निफाडकडच्या एका गावातल्या निकितानं मला आपल्या आईसाठी बनवलं. तिचे वडील पुंजाराम रोज पहाटे मोटरसायकलवर झेंडूच्या गोण्या बांधून नाशिकच्या फूलबाजाराला निघायचे आणि ते पोचेपर्यंत यशोदाबाईंच्या घशाखाली चहा उतरायचा नाही.

निघताना एक बटण, पोचल्यावर दुसरं. घरच्या फोनवर लगेच निरोप. पण पहिल्या बटणावर निकितानं लिहिलं होतं 'जातो'. यशोदाबाई केवढ्या भडकल्या! "घरातून निघताना जातो म्हणतं का कोणी? असलं अभद्र माझ्या दारात नको!" निकितानं जीभ चावली आणि 'येतो' लिहिलं.

मग काय, माझी चंगळच झाली! अंबडच्या कारखान्यांतले कामगार, सिन्नरचे जीपवाले, सगळे मला वापरू लागले. खालच्या बारक्या जाहिरातीवर निकिताचं घर चालू लागलं. नकाशे घाल, गप्पा घाल, कूपनं घाल, असा शहाण्यांनी लकडा लावला. ती म्हणायची, "आईला चष्म्याशिवाय जमतंय ना? मग बास." माझ्याहून हुशार ॲप्स आली नि गेली, मी टिकलो. काळजीत असलेल्या माणसाला एकच गोष्ट हवी असते, ती मी लगेच देतो.

गेल्या थंडीत, एका धुक्याच्या पहाटे पुंजारामांनी 'येतो' दाबलं. वाटेत ट्रकनं त्यांना उडवलं. ते गेले.

आता माझं दुर्दैव ऐका. मला 'येतो' कळतं, 'पोचलो' कळतं. मेलेला माणूस कळत नाही, त्यासाठी माझ्याकडे बटणच नाही. म्हणून रोज सकाळी मी यशोदाबाईंच्या फोनवर वाजायचो, 'पुंजाराम येतो म्हणालेत. अजून पोचले नाहीत.' मला माझीच भीती वाटायची हो!

निकिता रडत म्हणाली, "आई, मी हे पुसून टाकते."

"नाय पुसायचं," यशोदाबाई म्हणाल्या. "तेवढं एकटंच म्हणतंय, ते यायचेत म्हणून."

परवा वर्षश्राद्ध झालं. पाहुणे गेल्यावर यशोदाबाईंनी कपाटातून पुंजारामांचा तडकलेला फोन काढला आणि चार्जिंगला लावला. निकिता बघतच राहिली.

"किती दिवस वाटंवर ठेवायचं त्यांना?" असं म्हणून त्यांनी 'पोचलो' दाबलं.

लगेच त्यांचा स्वतःचा फोन वाजला. 'पुंजाराम पोचले.'

दोन्ही फोन मांडीवर घेऊन त्या हळूच म्हणाल्या, "कुठं हो?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाजलो नाही, तरी त्या फोन हातात धरून बसून होत्या.

मित्रांनो, तुम्ही कुठंही पोचलात की घरी तेवढं कळवत जा. तिकडे कुणाचा तरी चहा निवत असतो.