लाइल ह्राबिकचा फलक

मित्रांनो, पत्र्याचा एक जुना फलक, एवढीच माझी ओळख. शाळेच्या पाटीहून थोडा मोठा, पाठीला लाकडी दांडा आणि अंगावर आडव्या खाचा. त्या खाचांत आकडे लिहिलेल्या पट्ट्या सरकवायच्या आणि मला शर्यतीच्या रस्त्यालगतच्या बुटक्या भिंतीवरून रस्त्याकडे धरायचं. मोटरसायकलवर वारा कापत जाणाऱ्या माणसाला दुसरं काही ऐकू येत नाही. आपण कितवे आहोत, किती फेऱ्या उरल्या, मागचा किती जवळ आलाय, हे त्याला मी सांगायचो. पापणी लवायच्या आत तो मला वाचायचा आणि निघून जायचा.

ओहायोतल्या एका लहान गावात, जॉर्ज ह्राबिक यांच्या शेडमध्ये माझा जन्म झाला. जॉर्ज दुकानांच्या पाट्या रंगवायचे. एका बेकरीवाल्याचा धंदा बसला आणि रंगवून तयार असलेली पाटी त्याने नेलीच नाही. तिचाच पत्रा कापून जॉर्जनी मला घडवलं. म्हणून माझ्या पाठीवर आजही अर्धा पाव आहे, वर वाफसुद्धा आहे. पुढून त्यांनी मला काळा रंग दिला आणि पिवळ्या रंगात ४३ हा आकडा काढला. तो त्यांच्या मुलाचा, लाइलचा नंबर होता. मला धरायचं काम लाइलच्या थोरल्या बहिणीकडे, मार्लीनकडे आलं.

"मार्लीच धरेल," जॉर्ज म्हणाले. "मी धरला तर माझे हात थरथरतात, आणि पोराला तीनाचे आठ दिसायचे."

मित्रांनो, ते दिवस मी कसे सांगू? आमच्या अमेरिकेची पोरं तेव्हा समुद्रापलीकडे जाऊन जगज्जेती होऊन येत होती. इथे घरच्या रस्त्यांवर बड्या कंपन्यांचे लांबलचक ट्रक यायचे आणि त्यांच्या शेजारी आमची गंजकी व्हॅन उभी राहायची. तिच्यातच झोपायचं, तिच्यातच इंजिन उघडायचं, तिच्याच टपावर कपडे वाळत घालायचे. समोरच्या टेकडीवर माणसांना पाय ठेवायला जागा नसायची. भाजलेल्या कणसांचा आणि जळक्या तेलाचा वास एकत्र यायचा. हौशी लोक दुर्बिणी लावून बसायचे. पण बघायचे ते मला! कारण निवेदकाच्या आधी खरी बातमी माझ्यावर उमटायची.

१९८२ च्या जुलैत लाइलने कंपनीच्या रायडरला शेवटच्या वळणावर मागे टाकलं. जुनी, दुसऱ्याने वापरून टाकलेली मोटरसायकल, आणि तिच्यावर आमचा पोरगा पहिला! टेकडीवरून लोक कुंपण ओलांडून धावत आले. कुणी लाइलला उचललं, कुणी मला. एकाने तर माझ्या पावाचा मुका घेतला. मार्लीन भिंतीला टेकून हसत होती आणि रडत होती. लाइल हेल्मेट काढून तिला म्हणाला, "काय गं, शेवटच्या फेरीला उलटा धरला होतास की काय? मला वाटलं मी चौथा आहे!"

"चौथा समजूनच पळालास म्हणून जिंकलास," ती म्हणाली.

पुढे दोन वर्षांनी, सप्टेंबरमध्ये, पावसातली शर्यत होती. लाइल समोरून गेला, त्याने मला वाचलं, डोकं किंचित हलवलं आणि पाण्याच्या फवाऱ्यात दिसेनासा झाला. पुढच्या फेरीला बाकीचे आले, तो आला नाही. मार्लीनने पट्टी बदलली. एक फेरी कमी केली आणि मला परत धरलं. तो आला नाही. तिने पुन्हा पट्टी बदलली. तिला कुणी काही सांगितलंच नाही, मित्रांनो. शर्यत संपली, बाकीचे आपापल्या माणसांकडे गेले, आणि ती मला तशीच पावसात धरून उभी होती. अखेर शेजारच्या चमूतल्या एका मेकॅनिकने येऊन माझा दांडा तिच्या मुठीतून सोडवला.

लाइल जगला. पण त्याच्या डोक्याला जो मार बसला, त्यातून तो पुरा बाहेर आला नाही. चालणं गेलं. शब्द गेले, मोजके तेवढे उरले. पहिला हिवाळाभर लोकांची पत्रं आली, फुलं आली, टेकडीवरचे दोघेतिघे येऊनही गेले. मग दुसरे रायडर आले, दुसरे नंबर आले. जॉर्जनी पाट्या रंगवणं सोडलं आणि काही वर्षांत तेही गेले. मार्लीनचं लग्न ठरलेलं होतं, ते मोडलं की तिनेच मोडलं, मला माहीत नाही. ती शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला लागली. सकाळी लाइलला भरवून जायची, दुपारी येऊन पुन्हा भरवायची. आणि मी? तळघराच्या खिडकीची काच फुटली, तेव्हा तिने मला तिथे ठोकलं. कितीतरी वर्षं मी तिथे ऊन, बर्फ आणि गवत कापणाऱ्या यंत्राची धूळ खात होतो.

एका वसंतात मार्लीनने बापाच्या शिड्या नि ब्रश अंगणात विकायला मांडले. तेव्हा एक जाडजूड, पांढऱ्या दाढीचा माणूस शिडी बघायला आला. त्याचं नाव ड्वेन ओबर्ली. शिडी राहिली बाजूला. तो माझ्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि मळलेल्या आकड्यावरून त्याने अंगठा फिरवला.

"बाई," त्याचा आवाज फाटला, "हा लाइल ह्राबिकचा फलक आहे."

"आहे खरा."

"मी टेकडीवर होतो त्या दिवशी! जुलैत! अहो, माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस तो. लग्नाचाही एवढा आठवत नाही."

"बायकोला सांगू नका," मार्लीन म्हणाली. "हवा असेल तर घेऊन जा, पट्ट्यांची पिशवीही न्या. खिडकीला मी पुठ्ठा लावीन."

ड्वेनने खिळे उपटून मला छातीशी धरलं. मग भीत भीत विचारलं, "लाइल... आता कुठे असतात?"

"आतच आहे. स्वयंपाकघरात. या की, कॉफी टाकते."

ड्वेनने दाराकडे पाहिलं. आतून चमचा ताटावर आपटल्याचा आवाज येत होता, पुन्हा पुन्हा, एकाच तालात.

"आज जरा घाई आहे," तो म्हणाला. "परत येईन. नक्की येईन."

त्याने मला नेलं. माझा गंज काढला, मेण लावलं, गॅरेजच्या भिंतीवर खास दिवा लावून टांगलं. दर शनिवारी तिथे त्याचे दोस्त जमायचे. सगळे टेकडीवरचे जुने गडी. बिअर उघडायची, जुन्या शर्यतींच्या फिती लावायच्या आणि एकमेकांना तेच किस्से सांगायचे. बाहेर कुठलंही साल असो, त्या गॅरेजात बारमाही १९८२ चालायचं.

"तेव्हाचे रायडर म्हणजे माणसं होती," ड्वेनचा मित्र व्हर्नन म्हणायचा. "आत्ताच्यांना जागा भरायला माणसं मिळत नाहीत. परवा गेलो होतो, टेकडीवर मी आणि एक कुत्रा."

"कुत्रा तरी शेवटपर्यंत थांबला का?" ड्वेन विचारायचा, आणि सगळे हसायचे. त्या हसण्यात जीव नसायचा.

मला खोटं बोलता येत नाही. मी सुखावलो होतो. मला पुसत होते, माझ्यासोबत फोटो काढत होते. अशात त्यांनी ठरवलं, जुन्या रायडरांचा मेळावा भरवायचा, त्याच रस्त्यावर. आणि लाइल ह्राबिकला आणायचं.

ड्वेन आणि व्हर्नन मार्लीनच्या दारात गेले. सोबत आठवणीचा पुरावा म्हणून मलाही नेलं. मार्लीनने दार अर्धंच उघडलं.

"नाही," ती म्हणाली. "तुम्हाला पाहिजे तो लाइल या घरात राहत नाही."

"लोकांना फक्त एकदा टाळ्या वाजवायच्यात हो," व्हर्नन म्हणाला. "लोक विसरलेले नाहीत त्याला."

"विसरले नाहीत? आणि इतकी वर्षं रस्ता सापडत नव्हता होय?"

तेवढ्यात तिच्या मागून, चाकांच्या खुर्चीतून, घोगरा आवाज आला. "जाऊ."

मार्लीन वळली. लाइल माझ्याकडे बघत होता. केस पांढरे, ओठांच्या कोपऱ्यातून लाळ, पण डोळे माझ्यावर. "जाऊ, मार्ली."

कित्येक महिन्यांत त्याने तिचं नाव घेतलं नव्हतं, हे मला नंतर कळलं. तिने दार सताड उघडलं आणि विचारलं, "कितीला यायचं?"

मेळाव्याच्या दिवशी ऊन छान होतं. जुन्या मोटरसायकली ओळीने लावल्या होत्या, तेलाचा वास पूर्वीचाच होता. लाइलला कोरा शर्ट घातला होता. लोकांनी त्याला घेरलं, खांद्यावर थापट्या मारल्या, त्याच्या मांडीवर फोटो ठेवून सह्या मागितल्या. मार्लीन त्याचा हात धरून रेघ ओढून देत होती. मग जुन्या मोटरसायकली रस्त्यावर सोडल्या. त्यांची गर्जना सुरू झाली आणि ड्वेनला गंमत सुचली. त्याने मला उचललं, ‘शेवटची फेरी’ची पट्टी सरकवली आणि लाइलसमोर उंच धरलं.

"चल लाइल! शेवटची फेरी! दाखव त्यांना!"

लाइलने मला वाचलं. माझ्याएवढं जवळून ते कुणी पाहिलं नाही. त्याच्या डोळ्यांत ओळख आली, मान खाली गेली, खांदे आवळले आणि उजवी मूठ हवेतच पिळली गेली. लोक टाळ्या वाजवू लागले. त्यांना वाटलं, तो खेळ करतोय. तो पुढे झुकला, आणखी झुकला, डावीकडे कलला आणि खुर्चीसकट डांबरावर आडवा झाला. गालातून रक्त यायला लागलं, तरी मूठ पिळतच होती. पाय, जे कधी हलत नव्हते, ते गिअर शोधत होते. तो ओरडत होता, शब्द नव्हते, नुसता इंजिनासारखा चढता आवाज.

टाळ्या थांबल्या. मार्लीनने ड्वेनच्या हातातून मला हिसकावलं. पिशवीतल्या पट्ट्या तिने जमिनीवर ओतल्या आणि एक शोधून काढली. तिच्यावर एकच शब्द होता, ‘आत’. म्हणजे शर्यत सोड, परत ये. उभ्या आयुष्यात तिने ती पट्टी लावली नव्हती. त्या पावसातही नाही. ती लाइलजवळ डांबरावर गुडघे टेकून बसली आणि मला त्याच्या डोळ्यांसमोर धरलं.

"आत ये, लाइल. बास झालं रे. आत ये."

तिने मला आणखी जवळ नेलं. लाइलची नजर माझ्यावर नव्हती. माझ्या आरपार कुठेतरी तो कुणाच्या तरी मागे लागला होता. रुग्णवाहिकेतल्या लोकांनी सुई टोचली, तेव्हा कुठे त्याची मूठ सुटली. मार्लीन त्याच्याबरोबर गेली. मला तिने तिथेच, रस्त्याच्या कडेला ठेवलं.

त्या दिवसानंतर लाइल बोलला नाही. हे मी पुन्हा त्याच गॅरेजात, ड्वेनच्या तोंडून ऐकलं, आणि ड्वेनने मार्लीनच्या शेजाऱ्याकडून.

एका रविवारी ड्वेनने मला कागदात अर्धवट गुंडाळून गाडीत ठेवलं. मार्लीनला परत द्यायला निघाला होता. घरासमोर गाडी थांबवली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती दोघं दिसत होती. ती चमचा पुढे करत होती, आणि तो तोंड उघडत नव्हता. ती वाट बघत होती. ड्वेनने गाडीचं दार उघडलं, पुन्हा लावलं. मग त्याने गाडी वळवली.

शनिवारी दोस्तांनी विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "तिनेच सांगितलं, तुमच्याकडेच ठेवा."

"मोठ्या मनाची बाई," व्हर्नन म्हणाला. सगळ्यांनी लाइलच्या नावाने बाटल्या उंचावल्या.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं सांगायची आमच्यासारख्यांची रीत आहे. मी तसं सांगणार नाही. मला भरपूर जपलं जातं. माझ्यावर धुळीचा कण नाही, दिवा आहे, दर महिन्याला मेण आहे. तुमच्या गावातही कुणाचा तरी असा फोटो, असा फलक भिंतीवर असेल. त्याला पुसायला हात उचलाल, तेव्हा आधी विचारा, तो माणूस आत्ता कुठे आहे, आणि त्याला भरवायला कोण बसलंय. तिथे जा. पाच मिनिटं बसा. काही बोलला नाही तरी बसा.

मला पाय असते, तर मी कधीच गेलो असतो. मला फक्त दांडा आहे, आणि तो ज्याच्या हातात आहे, तो जात नाही.