तिसऱ्या पायरीखालची पिसं

माझी धाकटी बहीण लुडिंग बावीस वर्षं हाँगकाँगात दुसऱ्यांची पोरं सांभाळून गेल्या महिन्यात कायमची घरी आली, आणि आल्याच्या चौथ्या दिवशी तिने बाजारातून चार तलंगा, अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, उचलून आणल्या. मला विचारलं नाही. मी या घरात फक्त एकसष्ट वर्षं राहते आहे, मला कशाला विचारायचं?

तलंगा दिसायला बऱ्या होत्या. तांबूस, गुबगुबीत, कुणाच्या अध्यात ना मध्यात. माझ्या पाच जुन्या कोंबड्यांनी त्यांना एकदा वरून खाली न्याहाळलं. पाचांची म्होरकी कपिताना. गावच्या कारभारणीला आम्ही हेच म्हणतो, आणि या कोंबडीची चाल आणि दुसरीच्या तोंडचं हिसकायची हातोटी पाहून मी तिला तेच नाव दिलं होतं.

नवी कोंबडी आणली की काय करायचं हे आमच्या इलोइलो प्रांतात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. शेपटीचं एक पीस उपटायचं, दाराच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीखाली खोचायचं आणि कोंबडीला चुलीभोवती तीनदा फिरवायचं. मग ती घर सोडून जात नाही. मी चौघींचं सगळं यथासांग केलं. लुडिंग बघून हसली. आमच्याकडे थोरल्या बहिणीला मानांग म्हणतात, धाकटीला लाडाने इंदाय. म्हणाली, मानांग, नव्यांना आधी जाळीपलीकडे ठेवायचं असतं, दोन आठवडे नुसतं एकमेकींना बघू द्यायचं. हे तिला फोनने शिकवलं होतं. जिने जन्म विसाव्या मजल्यावर घालवला ती मला कोंबड्या शिकवत होती. मी ऐकून घेतलं, कारण मी स्वभावाने फार सोशिक आहे. जाळी मात्र लावू दिली नाही. पिसं खोचल्यावर जाळी कशाला?

पिसांनी त्यांचं काम चोख केलं. तलंगा घर सोडेनात. परसात पाऊल टाकलं की कपिताना पंख पसरून धावून जायची, मागोमाग बाकीच्या चौघी, आणि तलंगा थेट माझ्या स्वयंपाकघरात, चुलीखाली. खुराड्यात जागा मिळवून देण्याची सोय पिसांमध्ये नसते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आठवडाभर मी कोंबड्या ओलांडत भात शिजवला.

लुडिंगचंही बरं चाललं होतं म्हणा. भेटायला येणारा प्रत्येक जण बसायच्या आधी विचारायचा, परत कधी जाणार? आमच्याकडे परदेशातून आलेल्या माणसाला हे विचारणं म्हणजे जेवलीस का विचारण्यासारखं आहे, त्यात वाईट काही नसतं. मीही पहिल्याच दिवशी विचारलं होतं, तिची बॅग अजून हातात असताना. शिवाय ती व्हिनेगरची बाटली दर वेळी खिडकीत ठेवायची आणि मी दर वेळी ती उचलून मिठाच्या बरणीशेजारी ठेवायचे, जिथे ती आईच्या वेळेपासून आहे. बोलायचे नाही काही. बाटली जरा आपटायचे, एवढंच.

मग हाँगकाँगहून फोन आला. जिला लुडिंगने लहानाचं मोठं केलं होतं, तिलाच आता बाळ झालं होतं. लगेच ये, रविवारपर्यंत कळव. लुडिंगने मासे साफ करता करता मला सांगितलं. मी म्हटलं, तुझी मर्जी. खरं तर मला धडकी भरली होती. बावीस वर्षं मी एका माणसापुरता भात लावला होता, आणि गेल्या महिन्यातच माझा हात दोघींच्या मापाला बसला होता.

शनिवारी सकाळी सगळ्यात लहान तलंग रक्तबंबाळ होऊन आत आली. लुडिंग तिला मांडीवर घेऊन जखमेला खोबरेल लावत बसली. कोंबडी गप्प होती, रडत होती ती लुडिंग.

"हिने कुणाचं काय घोडं मारलंय?" ती म्हणाली. "खाते किती, जागा किती लागते हिला?"

"होईल सवय."

"कुणाला, मानांग? मला अजून व्हिनेगरची बाटली कुठे ठेवायची ते जमलेलं नाही. तिकडे निदान माझा कोपरा ठरलेला होता."

  मी परसात गेले, कपितानाला तंगडीला धरून उचललं आणि डालग्याखाली कोंबलं. तिने जे काही शिव्याशाप दिले ते सगळे मला लागू होते.

रविवारी सकाळी कणी टाकली. कपिताना डालग्यात, आणि बाकीच्या चौघींना आपण कुणावर चिडलो होतो तेच आठवेना. तलंगा भीत भीत आल्या, एकदोन टोचे खाल्ले, पण पळाल्या नाहीत. लहानगीसुद्धा कडेला उभी राहून दाणे टिपत होती.

मी लुडिंगच्या फणीतून दोन केस काढले आणि जिन्याशी जाऊन वाकले. माझ्या गुडघ्यांना वाकणं पसंत नाही, पण केस खोचले, तिसऱ्या पायरीखाली, चार पिसांच्या शेजारी. बावीस वर्षांपूर्वी हे का सुचलं नाही कोण जाणे. वर पाहिलं तर ती दारात फोन घेऊन उभी.

"मानांग, ते कोंबड्यांसाठी असतं."

"मग? गेली का एक तरी कोंबडी कुठे?"

 ती पायरीवर बसली आणि तिने फोनवर काहीतरी टाइप केलं. मला वाचता आलं नाही, चष्मा आत होता, आणि विचारायची हिंमत झाली नाही. ती उठून स्वयंपाकघरात गेली. मी बाहेरच थांबले. थोड्या वेळाने आतून आवाज आला.

"मानांग, व्हिनेगर कुठे ठेवू?"

मिठाच्या बरणीशेजारी, असं अगदी ओठांवर आलं होतं.

"खिडकीत ठेव, इंदाय," मी म्हटलं. "तुझ्या हाताशी."