बुडण्याचं सोंग

बुडणारा माणूस हातपाय आपटत न्हाई. हे म्या त्या शेफाली मॅडमला एकदा न्हाई, तीनदा सांगितलं. ऐकतंय कोण! आमी पडलो पानशेतच्या काठचे अडाणी, अन् ती पुण्याच्या कालेजातली, गाडीभर सामान घेऊन आलेली.

मी रखमाजी. मी अन् माझा धाकटा भाऊ धनाजी, आमी दम धरून धरणात बुड्या मारायचो. कुणाची पाण्याची मोटर पडली, कुणाचं माणूस गेलं, की बोलावणं आमालाच. एकानं कंबरेला दोर बांधून खाली जायचं, दुसऱ्यानं होडीत दोर धरून बसायचं. हिसका बसला की ओढायचं. बापानं शिकवलेली रीत होती ती.

मॅडमनं रबरासारखी पातळ पट्टी आणली होती. मनगटावर चिकटवायची, वाकवली तशी वाकते. नाडी मोजते अन् पाण्याखाली हात कसा हलतोय तेबी सांगते. तिची बारीक तार वर तरंगत्या डब्याला, अन् डब्यातनं सगळं मोबाईलवर. म्हणाली, "काका, आता बुडून दाखवा. यंत्राला शिकवायचंय."

मी खरं बुडलो. म्हणजे गप खाली गेलो, जसे लोक जातात. चार जणांना जाताना डोळ्यांनी बघितलंय म्या. तोंडातनं शब्द फुटत न्हाई, हात नुसते पाणी दाबत राहतात, मग तेबी थांबतात.

"असं नको हो काका," मॅडम हसली. "यात काहीच दिसत नाही. जोरात आपटा ना हातपाय!"

"बाई, तसं कुणी बुडत न्हाई," म्या तिसऱ्यांदा सांगितलं.

"पण मशीनला स्पष्ट कळायला पाहिजे."

मग काय, आपटले. जत्रेतल्या सोंगाड्यावानी पाणी उडवलं. काठावरच्या पोरापोरींनी टाळ्या वाजवल्या, धनाजी तर पोट धरून हसला. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली, पण पुन्हा बोललो न्हाई. तिथंच चुकलं.

पट्ट्या आमच्यापाशी ठेवून गेली ती. नाडी कामानंबी पळते, म्हणून तिच्यावर घंटा ठेवली न्हाई; हात आपटले की मोबाईल कोकलणार. तोवर हिरवा दिवा.

पुढच्या महिन्यात एका शेतकऱ्याच्या मोटरीचा फुटबॉल गाळात रुतला. पाइपाच्या तोंडाच्या व्हॉल्व्हला आमी फुटबॉल म्हणतो. धनाजी म्हणाला, "दादा, दोर ऱ्हाऊ दे. तारेत गुततोय सारखा. पट्टी हाय की!" म्या हो म्हणलं. कशाला म्हणलं, देव जाणे.

दीड मिनिटात वर येणारा गडी. दोन झाली. मोबाईल हिरवा. मला वाटलं, फुटबॉल हाती लागला असंल, सोडवत असंल. अडीच झाली. हिरवाच. मग म्या उडी टाकली. जुन्या जाळ्यात पाय अडकला होता त्याचा. वर आणला तवा गार पडला होता.

तेराव्यानंतर मॅडम आली. रडली, खोटं कशाला सांगू, लई रडली. धनाजीची बायको मंगल तिला पाणी घेऊन आली. मग मॅडमनं मोबाईल उघडून एक रेघ दाखवली. धनाजीच्या हाताची.

"काका, अशी खरी नोंद आमच्याकडे एकही नाही. यावरून मशीन सुधारेल, माणसं वाचतील. फक्त ते नक्की कुठून बुडायला लागले, ते आम्हाला ओळखता येत नाही. तुम्हालाच येईल."

असा राग आला, वाटलं मोबाईल उचलून धरणात फेकावा. पण रेघ दिसली अन् नजर हटंना. भराभर काम करणारा हात. मग बारीक. मग नुसता दाबणारा. म्या बोट ठेवलं.

"एक मिनिट चाळीस," मॅडमनं वाचलं अन् लिहून घेतलं.

मंगल मागं उभी होती. तिनं हळूच विचारलं, "भावजी, तवा तुमी काय करत व्हता?"

"मोबाईल बघत व्हतो," म्या म्हणलं.