कोठडीच्या कुलपाची साक्ष

मित्रांनो, मी एक जुने कुलूप आहे. पितळेचे, सात लिव्हरचे, आणि वजनाने असे की मला पहिल्यांदा उचलले तेव्हा कारखान्यातल्या पैलवानाची कंबर लचकली आणि तो आठ दिवस वाकूनच हिंडला. हसलात ना? हसा. मी थोडे वाढवून बोलतो, हे मलाही ठाऊक आहे. जन्मभर तोंड बंद ठेवायचे काम केल्यावर म्हातारपणी जीभ सैल सुटायचीच. पण आजच्या गोष्टीत कोठडी आहे, आणि कोठडीबद्दल मी वाढवून बोलत नाही. तिथली भीती मुळातच पुरेशी मोठी असते.

माझा जन्म भट्टीजवळ झाला. ज्या कारागिराने माझ्या पोटात लिव्हर बसवले, त्याने मला कानाशी धरून माझा ‘खट्’ आवाज ऐकला आणि सांगितले, हे हत्तीने ओढले तरी उघडायचे नाही. हत्ती काही आला नाही, नाहीतर दाखवलेच असते. पहिली अकरा वर्षे मी कापडाच्या गोदामावर होतो. तिथला मालक मला रोज रुमालाने पुसायचा आणि महिन्यातून एकदा तेलाचे दोन थेंब सोडायचा. लोक म्हणायचे, काय तेज आहे कुलपाला! मग गोदाम बंद पडले, मी भंगारात गेलो आणि तिथून पोलीस ठाण्यात आलो. कोठडीच्या गजांच्या दाराला मला लटकवले.

ती कोठडी चार पावले लांब आणि तीन पावले रुंद होती. भिंत पाठीच्या उंचीपर्यंत काळी पडली होती, कारण जो आत येई तो तिला पाठ लावून बसे. भर दुपारीसुद्धा आत दिवा लागलेला असे. आत आलेला माणूस आधी माझ्याकडे बघतो, मित्रांनो. दाराकडे नाही, पोलिसाकडे नाही, माझ्याकडे. माझा ‘खट्’ ऐकला की भल्याभल्यांच्या मिशा खाली येतात. पूर्वी मला त्या आवाजाचा अभिमान होता. तिथे मला त्याची लाज वाटू लागली.

आणि तिथे मला नऊ वर्षांत तेलाचा एक थेंब मिळाला नाही. माझा तिसरा लिव्हर धरू लागला, जागचा हलेना. दार उघडायचे म्हटले की हवालदार चावी घालून हिसडे द्यायचा, माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा आणि शेवटी बुटाची लाथ घालायचा. मी उघडायचो, पण आतून कण्हत.

अशाच एका दुपारी त्यांनी एका चावीवाल्याला धरून आणले.

साठीचा, काटकुळा माणूस. चौकातल्या घड्याळाच्या दुकानाबाहेर पत्र्याची पेटी मांडून बसायचा आणि डुप्लिकेट चाव्या करून द्यायचा. त्याची एक खोड होती. प्रत्येक चावीच्या डोक्यावर तो कानशीने तीन बारीक टिंबे काढायचा. चित्रकार चित्राखाली सही करतो ना, तसे. आठवड्यापूर्वी एका डॉक्टरांचे घर भरदिवसा साफ झाले होते आणि दारात राहिलेल्या चावीवर तीन टिंबे होती.

फौजदारांनी ती चावी टेबलावर ठेवली आणि विचारले, ही ओळखतोस का? आता कुणीही शहाणा माणूस आधी विचारेल, साहेब, मला कशासाठी आणलंय? या बाबाने चावी उजेडात धरली, तिच्या दातांवरून बोट फिरवले आणि त्याचा चेहरा उजळला. म्हणाला, “माझीच की! असे दात दुसरं कोण कापणार?” त्याला वाटले, कौतुक करायला बोलावले आहे. फौजदारांनी ते शब्द लिहून घेतले आणि हवालदाराला मान हलवून खूण केली. मी ‘खट्’ केले तेव्हा कुठे त्या माणसाला कळले की त्याला अटक झाली आहे.

तो भिंतीला पाठ लावून बसला. त्याचे हात थरथरत होते. धरपकडीत चष्मा पेटीतच राहिला होता, त्यामुळे त्याला दोन हातांपलीकडचे तेवढे नीट दिसत होते, जवळचे सगळे धूसर. बाहेर टेबलाशी बसलेल्या शिपाईबाईला त्याने तीनदा विचारले, माझ्या लेकीला कळवलं का? तिसऱ्यांदा ती म्हणाली, “कळवलंय बाबा, घरच्यांना कळवावंच लागतं आम्हाला. बसा शांत.” पण शांत कसा बसणार? घरी बायको नव्हती. लेक शिवणकाम करायची, आणि त्या दोघांचे जग एवढेच होते. आपण परत घरी जाणार की नाही, एवढाच प्रश्न त्याच्या डोळ्यांत होता.

इतक्यात हवालदार पाण्याचा तांब्या द्यायला आला आणि नेहमीप्रमाणे माझ्याशी झटापट करून, लाथ घालून गेला. मी कण्हलो. त्या माणसाने मान वर केली. दुसऱ्या कुणाला तो नुसता धातूचा करकर आवाज वाटला असता. हा उठला, गजांजवळ आला आणि माझ्यापाशी कान आणून हळूच बोलला, “तिसरा धरतोय ना तुझा? किती वर्षं सोसतोयस रे?”

मित्रांनो, नऊ वर्षांत मला कुणी काही विचारले नव्हते. मी विरघळलो.

पुढे जे झाले ते फक्त चावीवाल्याच्याच हातून होऊ शकते. त्याच्या झडतीत सगळे काढून घेतले होते, पण सदऱ्याच्या तुटक्या गुंडीच्या जागी लेकीने लावलेली पिन राहिली होती. ती त्याने सरळ केली, डोक्याच्या तेलकट केसांतून दोनदा फिरवली, गजांतून हात बाहेर काढला आणि माझ्या पोटात घातली. थरथरणारे हात त्या क्षणी थांबले. आई बाळाची मान सावरते तसा त्याने तिसरा लिव्हर हलवला. मी उघडलो. मऊ, बिनआवाज. त्याने मला दोनचारदा उघडबंद करून पाहिले, सदऱ्याच्या टोकाने पुसले, पुन्हा कोयंड्यात अडकवून नीट दाबून लावले. आणि मग, देवा रे, त्याने शिपाईबाईला हाक मारली.

“ताई, कुलूप नीट करून ठेवलंय. आता लाथ मारायची गरज नाही.”

हवालदार धावत आला. त्याचा चेहरा चुना लावल्यासारखा पांढरा. फौजदार खुर्चीवरून उठले, गजांपाशी आले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, “म्हणजे कोठडीचं कुलूप उघडलंस तू.”

एवढेच. पण त्या आवाजाने माझ्या पितळेला काटा आला. चोरीत सामील, हा एक आरोप होताच. आता दुसरा: कोठडीतून पळून जाण्याचा प्रयत्न.

तासाभरात कागद तयार झाला. त्यात काय होते ते मी ऐकले, कारण लिहिणारा मोठ्याने वाचत लिहीत होता. “मी चोरासाठी चावी केली आणि पळण्यासाठी कुलूप उघडले,” असे त्या चावीवाल्याच्या तोंडी घातलेले वाक्य त्यात होते. त्याने ते कधीच म्हटले नव्हते. हवालदार चावी घेऊन त्याला बाहेर काढायला आला. मी ठरवले, जिवात जीव आहे तोवर उघडायचे नाही. सगळे लिव्हर ताठ केले. तिसऱ्याला म्हटले, बाबा रे, नऊ वर्षं अडकलास, आज एकदा अडक! पण त्या भल्या माणसाने मला इतके छान दुरुस्त केले होते की चावी फिरताच मी लोण्यासारखा उघडलो. आयुष्यात इतकी शरम मला कधी वाटली नाही.

त्याला टेबलाशी बसवले. हातात पेन दिले. सही कर, मग बघू घरी सोडायचं, असे फौजदार म्हणाले. लेक एकटी आहे ना, असेही म्हणाले. पेनाचे टोक कागदाला टेकले. मी दारावर लटकून पाहत होतो आणि ओरडता येत नव्हते.

पेन थांबले.

“साहेब, चष्मा नाही माझ्याकडे.”

फौजदार म्हणाले, वाचायचं काय त्यात, तूच तर सांगितलंस.

“तसं नाही साहेब. मूळ चावी नीट पाहिल्याशिवाय मी कानस चालवत नाही. चाळीस वर्षांत नाही चालवली. एक दात चुकला तर अख्खी चावी वाया जाते.” आणि पेन त्याने खाली ठेवले.

हवालदार त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. तो हात जड होता. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. इतर वेळी मी म्हटले असते, तीन वर्षे गेली. आज म्हणत नाही.

मग दारात त्याची लेक दिसली. एका हातात चष्मा, खांद्यावर अजून शिवणाची टेप लटकलेली. तिच्या मागे एक ठेंगणी वकीलबाई. लेक रडत बसली नव्हती. ती सरळ न्यायालयात, गरिबांना मोफत वकील देतात त्या खोलीत गेली होती आणि तिथे जी बाई मोकळी होती तिला घेऊन आली होती.

वकीलबाईने आधी तो कागद वाचला, मग बाजूला सारला आणि आपल्या अशिलाशी एकट्याने बोलायचे आहे असे सांगितले. फौजदारांनी तोंड वाकडे केले, पण नाही म्हणता आले नाही. म्हणून त्याला परत कोठडीत घातले आणि ती गजांपाशी स्टुलावर बसली, लेक तिच्या मागे उभी राहिली. माझ्या अगदी शेजारी. म्हणून हे सगळे मला ठाऊक.

तो म्हणाला, “बाई, कबूल करून टाकतो. म्हातारा आहे म्हणून दया येईल त्यांना.”

“काय कबूल करणार?”

“चावी मी केली. कुलूपही मी उघडलं. खोटं कशाला बोलू?”

“खोटं बोलायला कोण सांगतंय? पण आरोप तो नाही, बाबा.” मग तिने त्याला उलगडून सांगितले. चावी करणे हा त्याचा धंदा आहे, गुन्हा नाही. चावी चोरीसाठी आहे हे माहीत असून ती केली, तर गुन्हा. ते माहीत होते हे पोलिसांनी सिद्ध करायचे. आपल्याला माहीत नव्हते हे त्याने सिद्ध करत बसायचे नाही. तसेच कुलपाचे. उघडणे वेगळे आणि पळायला निघणे वेगळे. उद्या त्याला न्यायाधीशांपुढे उभे करावेच लागेल, तिथे ती जामीन मागेल. तोवर त्याने गप्प बसायचे. गप्प बसणे हा त्याचा हक्क आहे, उद्धटपणा नाही. न वाचता सही नाही. आणि तिला विचारल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही.

“कशालाही?” त्याने माझ्याकडे पाहिले.

“विशेषतः त्याला,” वकीलबाई म्हणाली. लेक त्या दिवशी पहिल्यांदा हसली आणि हसता हसता रडू लागली.

दुसऱ्या दिवशी मला फडक्यात गुंडाळून, गळ्यात चिठ्ठी बांधून न्यायालयात नेले. मी आता मुद्देमाल होतो. सरकारी वकिलांनी मला उंच धरले आणि म्हणाले, सात लिव्हरचे कुलूप एका पिनेने उघडणारा हा माणूस बाहेर सोडला तर गावातले कुठले दार सुरक्षित राहील? ऐकताना मलाही क्षणभर त्याची भीती वाटली. असे असते बघा, खरी गोष्टसुद्धा कोण कशी उचलून धरतो त्यावर ती केवढी दिसते ते ठरते.

वकीलबाईने एकच विनंती केली. कोठडीसमोर बसलेल्या शिपाईबाईला विचारावे. ती मागे भिंतीशी उभी होती. तिच्या शेजारी फौजदार. न्यायाधीशांनी तिला विचारले, आरोपी दाराबाहेर आला होता का? तिने एकदा साहेबांकडे पाहिले. चावीवाल्याच्या लेकीने टेप मुठीत इतकी आवळली होती की बोटे पांढरी पडली.

“नाही,” शिपाईबाई म्हणाली. “दार लोटलंसुद्धा नाही. कुलूप उघडलं, पुसलं, परत लावलं आणि मलाच हाक मारून सांगितलं.”

न्यायाधीशांनी चष्मा काढून त्या माणसाकडे पाहिले. मग जामीन दिला. पळण्याचा आरोप पुढे दोन तारखांनी गळून पडला.

पण चावीचा खटला दीड वर्ष चालला. तेवढा काळ मी मुद्देमालाच्या खोलीत एका फळीवर पडून होतो. ओल, धूळ, अंधार. आतून पुन्हा गंजलो. तो माणूस प्रत्येक तारखेला यायचा आणि प्रत्येक वेळी थोडा अधिक वाकलेला असायचा, हे मला नंतर त्याच्या लेकीच्या तोंडून कळले. चौकात लोक त्याच्याकडून चावी करून घ्यायला बिचकत होते. त्याने टिंबे काढणेही सोडून दिले होते.

शेवटच्या तारखेला सरकारी वकिलांनी त्या पिनेची गोष्ट पुन्हा काढली, तेव्हा न्यायाधीशांनी मला मागवले आणि उघडून दाखवा म्हणाले. हवालदाराने चावी घातली, हिसडे दिले, घाम पुसला. मी हलेना. सवयीने त्याने बूट उचलला आणि कुठे उभे आहोत ते आठवून खाली ठेवला. सगळ्यांच्या माना आपोआप पिंजऱ्याकडे वळल्या.

आरोपीने दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून घेतले होते. त्याची बोटे वळवळत होती, पण त्याने माझ्याकडे पाहिलेही नाही. वकीलबाईकडे पाहिले.

“बाई, हात लावू का?”

तिने न्यायाधीशांना विचारले. न्यायाधीशांनी परवानगी दिली. लेकीने पिशवीतून शिवणयंत्राच्या तेलाची कुपी काढली. दोन थेंब, चावीचा एक हलका हिसका, आणि मी उघडलो. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत हळू ‘खट्’ होता.

“परत लावू का?” त्याने विचारले.

“नको,” न्यायाधीश म्हणाले. “राहू द्या उघडंच.”

त्याच दुपारी निकाल लागला. चावी त्याने केली होती. ती कशासाठी आहे हे त्याला माहीत होते, याचा एकही पुरावा आला नव्हता. तो सुटला. जाताना लेकीने त्याचा हात धरला होता आणि तो हात अजून थरथरत होता. ती थरथर निकालाने थांबत नाही, मित्रांनो. ती मी पाहिली आहे.

म्हणून तुमच्याकडे एक मागणे आहे. घरातल्या कुलपाला अधूनमधून तेलाचे दोन थेंब घाला. आणि कुणाला धरून नेले असे ऐकलेत, तर तो चोरच असणार असे लगेच म्हणू नका. आधी विचारा: आरोप नेमका काय आहे? त्याच्या घरी कळवले का? त्याच्याशी बोलायला वकील गेला का? आणि त्याचा चष्मा त्याच्याजवळ आहे का?

खटला संपल्यावर ठाण्याने मला भंगारात काढले, आणि मी आता त्याच चावीवाल्याच्या पेटीवर असतो. वीस माणसांनी मिळून मला तिथवर वाहून आणले. बरे, बरे, त्याची लेक एकटीच पिशवीत घालून घेऊन आली. पण माझ्या पाठीवर त्याने कानशीने तीन टिंबे काढली आहेत, ती मात्र खरी. येऊन पाहा.