खडकामागची जागा

सुनेच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे सासूचं जुनं गाऱ्हाणं. आज मच्छीमार सोसायटीच्या खोलीत साऱ्या बायकांसमोर ती ते पुन्हा पुन्हा बोलून दाखवत होती.

खाडीच्या चिखलातून शिंपले वेचून या बायकांची घरं चालत. चांगली जागा परक्याला सांगायची नाही, ही रीत. सासूने तर सख्ख्या बहिणीलाही ताकास तूर लागू दिली नव्हती. खाडीची पाहणी करणारे आले तेव्हाही तिने खडकामागची जागा लपवून ओसाड टोकाकडे बोट दाखवलं, आणि बाकीच्यांनी तिचीच री ओढली.

ते आता अंगाशी आलं होतं. देशोदेशींची परिषद खाड्या राखायला बसली होती. खडकामागे कुणीच वेचत नाही असं नकाशात दिसल्यावर नेमकी तीच जागा कायमची बंद व्हायची होती. आज किनाऱ्यावरच्यांचं म्हणणं पडद्यावरून ऐकणार होते, आणि बायकांनी बोलायला सुनेला पुढे केलं होतं.

"काय ते बोल, पण जागा सांगू नकोस," सासूने बजावलं.

"मग काय बोलू, आई? आमची जागा सोडा, पण कुठली ते विचारू नका?"

बायका फिसकन हसल्या. सासू हसली नाही.

पडद्यावर चेहरे उमटले. सुनेने नकाशावर थेट खडकामागे बोट ठेवलं.

"आम्ही इथे वेचतो. आधी खोटं सांगितलं, कारण सांगितलेली जागा आमच्या हाती उरत नाही. शिंपले अंडी घालतात तेव्हा आम्ही तिथे पाऊल टाकत नाही. तेवढे दिवस बंद ठेवा, राखण आम्ही करू."

दुभाष्याने ते तिकडे सांगितलं. बरीच कुजबुज झाली. मग उत्तर आलं: आमची माणसं तुमच्याबरोबर येऊन बघतील, तोवर बंदी नाही.

"येताना बूट घालू नका म्हणावं," सासू मागून ओरडली. "चिखल गिळतो!"

खोली रिकामी झाली. सून मान खाली घालून वायर गुंडाळत राहिली. आता बोलणी बसणार हे तिला ठाऊक होतं. सासू तिच्यासमोर येऊन उभी राहिली.

"तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे खरंच. पण माझ्या तोंडात भिजून कुजला, त्याने जागा जात होती. उद्या ओहोटीला टोपली घे. वळणापलीकडे आणखी एक जागा आहे, तुझ्या नवऱ्यालाही माहीत नाही. ती दाखवते. नकाशात घालायची की नाही, ते तू ठरव."